रायफल हलकी करायची आहे? आधी काटा, मग कानस

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि थोडक्यात असा समजलो. तुम्ही डेन्व्हरजवळ राहता. गेल्या ऑक्टोबरात गनिसनच्या वरच्या रानात पाच दिवस एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या, मागे फिरलात. तिसऱ्या दिवसापासून उजवा खांदा इतका भरून आला, की एक मादी समोर आली तेव्हा रायफल वर उचलून स्थिर धरवली नाही आणि ती निघून गेली. रायफल रेमिंग्टन ७०० सीडीएल आहे, ३०-०६ काडतुसाची, अक्रोडाच्या दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला टेकणारा, नळी धरणारा लाकडी भाग), २४ इंची नळीची. कंपनीच्या पत्रकात वजन साडेसात पाउंड आहे (पाउंडात सोळा औंस). आता ती 'सगळं धरून सात पाउंड' करायची आहे, त्यासाठी आठशे डॉलर बाजूला ठेवले आहेत. नळी कापावी, नळीला खाचा पाडून घ्याव्यात की कार्बन फायबरचा दस्ता घ्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मूळचा सांगलीचा. चोवीस वर्षं कोलोरॅडोत आहे. पेशाने यांत्रिकी अभियंता आहे, आणि गेली बारा वर्षं शनिवारी इथल्या एका गनस्मिथच्या दुकानात बसतो. तिथे माझं काम मुख्यतः दस्ते बसवण्याचं आणि स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावण्याचं. हलक्या रायफलीचा नाद मला स्वतःलाही होता. त्याची किंमत एका जनावराने मोजली, ते पुढे सांगतो.

भारतातून कोणी हे वाचत असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथे शिकार हा गुन्हा आहे, आणि परवान्याशिवाय बंदुकीची नळी तोकडी करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. पुढचं सगळं कोलोरॅडोतल्या परवान्याच्या शिकारीपुरतं आहे. इथेही एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांनी ध्यानात ठेवावं, की वैध शिकार परवाना हातात नसताना त्यांना साधं काडतूस बाळगणंही संघराज्याच्या कायद्यात बसत नाही. तुम्ही ग्रीनकार्डावर आहात असं लिहिलंय, म्हणून ते इथेच सोडतो.

तुम्ही रायफलीचं वजन विचारताय, पण खांदा तक्रार करतोय ती खांद्यावर टांगलेल्या एकूण ओझ्याची. या दोन आकड्यांत किती अंतर आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. पत्रकातलं वजन हे रिकाम्या रायफलीचं असतं. त्यात स्कोप नाही, पट्टा नाही, काडतुसं नाहीत. तुम्ही दिलेल्या यादीवरून मी अंदाजे हिशोब मांडला. रायफल ७ पाउंड ८ औंस. तुमचा ५० मिलिमीटर भिंगाचा ४-१६ पटीचा स्कोप २४ औंस. स्कोप धरणारे पोलादी बेस आणि रिंगा ७ औंस. रुंद, आतून मऊ भरलेला चामडी पट्टा ८ औंस. पुढे कायमची लावलेली दुपायी, म्हणजे दोन पायांचा टेकू, १२ औंस. मॅगझिनमधली चार काडतुसं ४ औंस. आणि दस्त्याच्या मागे चढवलेली काडतुसांची पिशवी, तिच्यात नऊ काडतुसं, मिळून १२ औंस. बेरीज ११ पाउंड ११ औंस होते. किलोत सांगायचं तर ५.३ किलो.

माझे आकडे तुमच्या सामानाशी दोन-चार औंसांनी चुकतील. म्हणून पहिलं काम हे करा. भारतात जाताना तेवीस किलोची बॅग मोजायला जो टांगता काटा आपल्या घरोघर असतो, तो काढा. रायफल रिकामी आहे हे बोल्ट (मागची सरकती दांडी) उघडून, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) बोट घालून पक्कं करा. मग तिला रानात जशी नेता तशी सगळी सजवून काट्याला टांगा. काडतुसं मात्र वेगळ्या पिशवीत घालून मोजा आणि मिळवा. नंतर एकेक वस्तू काढत जा आणि दर वेळी आकडा लिहा. छोट्या वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. दुकानात जे लोक नळी कापायला येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मी हेच करून यायला सांगतो, आणि परत येतात तेव्हा निम्म्यांना नळी कापायची नसते.

आता वजन कुठून उतरवायचं ते. क्रम मी असा धरतो: आधी फुकट उतरणारं, मग नेमाला धक्का न लावता उतरणारं, आणि सर्वांत शेवटी, पटलं तरच, नळीचं.

फुकटात काय उतरतं ते बघा. दुपायी काढून ठेवा. उघड्या माळरानावर, आडवं पडून मारायचं असेल तर ती सोन्यासारखी. पण गनिसनच्या वर तुम्ही ज्या प्रकारच्या रानात होता तिथे, गुडघाभर झुडपात आणि उतारावर, आडवं पडून जनावर दिसण्याचे प्रसंग कमी. माझ्या सतरा हंगामांतले बहुतेक बार मी बसून टाकले आहेत, दोन ट्रेकिंग काठ्या एकमेकींत अडकवून त्यांच्या बेचक्यात रायफल टेकवून, किंवा पाठीवरची सॅक पुढ्यात ठेवून तिच्यावरून. काठ्या आणि सॅक तुमच्याजवळ असतातच. बारा औंस गेले.

दस्त्यावरची पिशवीही काढा. नऊ जादा काडतुसं कशासाठी? मॅगझिनमध्ये चार आहेत, आणखी चार कमरेच्या खिशात ठेवा, बाकीची तंबूत. एका एल्कला तेरा काडतुसं लागणार असतील तर अडचण वजनाची नाही. शिवाय ती पिशवी गालाखाली येते आणि डोळा स्कोपच्या मध्यात बसत नाही. आणखी बारा औंस. चामडी पट्ट्याऐवजी साधा नायलॉनचा, तीन औंसांचा पट्टा घ्या. पाच औंस. एकूण २९ औंस, म्हणजे आठशे ग्रॅमच्या वर, पंधरा-वीस डॉलरमध्ये. रायफल आता ९ पाउंड १४ औंस आहे आणि तिच्या एकाही भागाला हात लागलेला नाही.

पुढची पायरी स्कोपची. खरं तर माझा सगळ्यात जास्त आग्रह इथेच आहे, कारण वजन नळीच्याही वर, सर्वांत उंच जागी बसलेलं असतं. खांद्याला अडकवलेली रायफल चालताना सारखी बाहेर कलंडते, पट्टा घसरतो आणि तुम्ही नकळत खांदा उचलून धरता. तुमचा खांदा भरून आला त्यात या कलंडण्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय की आजवर तीनशे यार्डांपलीकडे तुम्ही जनावरावर बार टाकलेला नाही आणि टाकायचाही नाही. त्या अंतरापर्यंत एल्कच्या आकाराच्या जनावराला सहा-आठ पट पुष्कळ होते. लिओपोल्डचा २.५-८ पटीचा, ३६ मिलिमीटरचा स्कोप घ्या किंवा त्याच तोलाचा दुसरा कुठलाही. त्यांचं वजन अकरा-बारा औंसांच्या आसपास असतं. पट बदलायची सोय नको असेल तर सहा पटीचे काही स्थिर स्कोप आणखी हलके असतात. पोलादी बेस-रिंगांऐवजी टॅलीसारख्या अॅल्युमिनियमच्या एकसंध रिंगा घेतल्या की अजून चार औंस. मिळून बरोबर एक पाउंड. आता ८ पाउंड १४ औंस.

स्कोप बदलताना तीन गोष्टी सांभाळा, कारण दुकानात याच बिघडलेल्या येतात. पहिली, तुमची ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला पोलादी भाग) लांब आहे आणि छोट्या स्कोपची नळी आखूड असते. दोन रिंगांमध्ये ती पोहोचली तरी डोळ्याला हवी तितकी मागे येईलच असं नाही. विकत घेण्याआधी मोजून बघा. गरज पडली तर पुढेमागे वाढवलेल्या रिंगा मिळतात. दुसरी, डोळा आणि काच यांतलं अंतर किमान साडेतीन इंच हवं. रायफल हलकी झाली की मागे जास्त येते, आणि चढावर वर तोंड करून मारताना स्कोपची कड भुवईला लागते. तिसरी, पुढच्या बेसचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो आत बोल्टच्या दातांना लागू शकतो. बसवून झालं की बोल्ट सावकाश बंद करा. आधी नव्हती ती अडखळ आता जाणवली तर तो स्क्रू काढा. जोर लावू नका.

दस्त्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, की लाकूड जड आणि प्लास्टिक हलकं. कारखान्यातून येणारे साच्यातले प्लास्टिकचे दस्ते बऱ्याचदा अक्रोडाइतकेच भरतात. फरक पडतो तो कार्बन फायबर किंवा केव्हलारच्या, आतून फोम भरलेल्या दस्त्यांनी. तुमचा अक्रोडाचा दस्ता सव्वादोन पाउंडांच्या आसपास, म्हणजे ३६ औंस असावा. चांगला कार्बन दस्ता २४ ते २८ औंसांत येतो. म्हणजे आठ ते बारा औंसांची बचत, पण त्यात तुमचे आठशे डॉलर जवळपास सगळे जातील आणि स्कोप राहून जाईल. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर स्कोप घ्या.

कार्बन दस्त्याच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. लाकूड ओलं होतं. ऑक्टोबरातल्या ओल्या बर्फात दोन दिवस राहिलेला दस्ता फुगतो, नळीला एका बाजूने दाबतो, आणि घरून शून्य करून, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवून, आणलेली रायफल तीन-चार इंच बाजूला मारायला लागते. कार्बनच्या दस्त्यात हे होत नाही. पण यावर लाकडातही इलाज आहे. ॲक्शनखाली इपॉक्सीची गादी घालून घ्यायची, नळी पुढे कुठेही टेकणार नाही अशी मोकळी ठेवायची आणि आतलं सगळं लाकूड फिनिशने बंद करायचं. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा. ती ॲक्शनपर्यंत अडखळत नसेल तर नळी मोकळी आहे.

लाकडातून वजन उतरवायचंच असेल तर ते मागून, रबरी पॅडच्या आतून उतरवा. पॅड काढायचं, लाकडाच्या रेषेत एकाखाली एक अशी दोन भोकं पाडायची, एक इंच रुंद आणि पाच इंच खोल. अक्रोडाच्या घनतेने हिशोब केला तर सुमारे ऐंशी ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन औंस निघतात. भोकांच्या भिंतींना आतून पातळ इपॉक्सी फासायचं, नाहीतर तिथून ओल शिरते. पट्ट्याचा मागचा स्क्रू कुठपर्यंत आत आलाय ते आधी मोजा आणि त्याच्या आजूबाजूचं लाकूड भरपूर ठेवा. मुठीत धरायच्या जागेकडे दस्ता निमुळता होत जातो, तिकडे ड्रिल नेऊ नका. हे काम स्तंभ-ड्रिलवर, दस्ता पक्का बांधून करायचं. हातातल्या ड्रिलने केलेलं भोक बाजूने बाहेर आलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या दस्त्याच्या मालकाचा चेहराही. वडिलांची रायफल होती.

विन्चेस्टरने १९५२ मध्ये मॉडेल ७० ची 'फेदरवेट' आवृत्ती काढली तेव्हा त्यांनीही वजन याच जागांवरून काढलं होतं. नळी सडपातळ केली, खालची पट्टी आणि चापाभोवतीची कडी अॅल्युमिनियमची केली, दस्ता मागून पोकळ केला. तुमच्या रायफलीची मॅगझिनखालची पट्टी कशाची आहे ते फ्रिजवरचा लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ती आधीच अॅल्युमिनियमची आहे आणि 'हलकी पट्टी' विकत घेण्यात काही अर्थ नाही.

राहिली नळी, जिच्यापासून तुम्ही सुरुवात केली होती. हिशोब सरळ आहे. तोंडाशी ०.६५ इंच जाड असलेल्या, ३० कॅलिबरच्या (आतून ०.३० इंच रुंद) नळीचा एक इंच तुकडा सुमारे ३४ ग्रॅम भरतो. चोवीसची बावीस इंच केली तर अडीच औंसही सुटत नाहीत. सत्तर ग्रॅमच्या आत. त्यासाठी तोंड नव्याने, अगदी काटकोनात कापून घ्यावं लागतं, कारण गोळी बाहेर पडताना शेवटी ज्या कडेला स्पर्श करते ती कड जराशी तिरकी असली तरी नेम गेला. वेग इंचामागे वीस ते तीस फूट प्रति सेकंद घटतो. तीनशे यार्डांच्या आत एल्कला तो फरक कळणार नाही. म्हणजे कापण्यात मोठं नुकसान नाही, पण वजनाचा फायदाही नाही. दाट स्प्रूसमध्ये वावरताना फांद्यांत अडकू नये म्हणून कापायची असेल तर जरूर कापा. ते कारण खरं आहे. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी नळी १६ इंचांहून आखूड चालत नाही, पण तुम्ही तिथवर जाणारच नाही.

खाचा पाडण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. जाड, निशाणेबाजीच्या नळीत खाचांनी बरंच पोलाद निघतं. तुमच्यासारख्या मुळात सडपातळ नळीत दोन-चार औंस, आणि तेही अडीचशे-तीनशे डॉलर देऊन. ठोकून किंवा बटण ओढून आटे (गोळीला फिरवणारी आतली पिळाची घरं) पाडलेल्या नळीत पोलादाच्या पोटात ताण साचलेला असू शकतो. नंतर बाहेरून खाचा पाडल्या की तो ताण असमान सुटतो आणि आतलं माप हलू शकतं. चांगली मारणारी नळी तुमच्याकडे आहे असं तुम्ही म्हणता. तिला तशीच राहू द्या.

बोल्ट आणि ॲक्शन यांना मात्र कोणीही, काहीही सांगितलं तरी कानस लावू नका. ३०-०६ मध्ये चेंबरचा दाब चौरस इंचाला साठ हजार पाउंडांपर्यंत जातो आणि तो सगळा बोल्टच्या दोन दातांवर येतो, तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. चापाच्या आतलं कामही घरी करायचं नाही. तुमची रायफल मे २००६ ते एप्रिल २०१४ यांदरम्यान बनलेली असेल तर तिच्या एक्स-मार्क प्रो चापासाठी कंपनीने २०१४ मध्ये रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी परत मागवणं, जाहीर केला होता. त्या रिकॉलमध्ये तुमची रायफल येत होती का आणि चाप बदलला गेला होता का, ते अनुक्रमांकावरून तपासून घ्या. वजनाच्या कुठल्याही कामाआधी हे करा.

आता सात पाउंडांबद्दल. तुमच्या काडतुसासाठी, निदान या वर्षी, मी सात पाउंडांवर जायला सांगणार नाही. त्याचं कारण गणितात आहे आणि माझ्या आठवणीतही.

गणित असं. गोळी आणि बारूद यांचा पुढे जाणारा संवेग ठरलेला आहे. तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. रायफल हलकी झाली की ती जास्त वेगाने मागे येते, आणि तिची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला २,७०० फूट वेगाने सुटते असं धरलं, तर तुमच्या आजच्या ११ पाउंड ११ औंसांच्या रायफलीचा दणका सुमारे १५ फूट-पाउंड (हे ऊर्जेचं माप) बसतो. सात पाउंडांवर तो साडेपंचवीस होतो. रायफल मागे येण्याचा वेग सेकंदाला ९ फुटांवरून १५ फुटांवर जातो. तुम्ही तिला दुपायीवर, सगळ्या सामानासकट शून्य केलं होतं, म्हणून तुमच्या खांद्याला ३०-०६ मवाळ वाटतं. सात पाउंडांची ३०-०६ ही तुमच्या ओळखीची रायफल नसेल.

आठवण २००९ ची आहे. मी तेव्हा .३०० विन्चेस्टर मॅग्नम वापरत होतो आणि दोन हिवाळे खपून ती स्कोप-काडतुसांसह सात पाउंडांवर आणली होती. दणका सदतीस फूट-पाउंडांच्या घरात. बाकावरून तीन गोळ्या एका इंचात बसायच्या. पण मी तीनच मारायचो, कारण चौथीची इच्छा होत नसे. त्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. नोव्हेंबरात फ्लॅट टॉप्सच्या पठारावर दोनशे चाळीस यार्डांवर एक मादी उभी होती. वारा नव्हता, मी बसलेलो होतो, घाई नव्हती. चाप दाबताना माझे डोळे मिटले. हे मला आजही स्पष्ट आठवतं, की बार झाला तेव्हा स्कोपमध्ये काही दिसत नव्हतं. गोळी पोटात, मागे आणि खाली बसली. संध्याकाळपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे गेलो, अंधार पडला, बर्फ सुरू झालं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सापडली. जिवंत होती. रात्रभर जिवंत होती. मी ते काम तिथे संपवलं, आणि त्या वर्षी पुन्हा रायफल उचलली नाही.

उन्हाळ्यात मित्राने माझी परीक्षा घेतली. तुम्हीही ती घ्या. हलक्या रायफलीसाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. मित्र माझ्याकडे पाठ करून रायफल भरायचा, कधी खरं काडतूस, कधी बारूद नसलेलं सरावाचं. मला द्यायचा. सरावाच्या काडतुसावर चाप दाबला की नळी जागच्या जागी राहायला हवी. माझी नळी दर वेळी दोन बोटं खाली बुडत होती. शरीर दणका यायच्या आधीच त्याला तोंड देत होतं. तो झटका जायला मला पूर्ण एक वर्ष लागलं, तेही छोट्या .२२ रायफलीवर हजारभर गोळ्या मारून. मॅग्नम विकली. आज मी ८ पाउंडांच्या .२७० वर आहे, आणि तिच्यासोबत डोळे उघडे असतात.

नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे बारूदाचा वायू बाजूला वळवणारा तुकडा, लावून दणका कमी करता येतो, हे खरं. पण ब्रेकमुळे आवाज मागे, तुमच्याच कानांवर येतो, आणि जनावर समोर असताना कानात बोळे घालायला कोणाला सुचत नाही. एका बारातही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. मी वापरत नाही.

म्हणून तुमच्या आठशे डॉलरांत माझा सल्ला असा बसतो. दुपायी, पिशवी आणि जड पट्टा काढा. स्कोप आणि रिंगा बदला. जमल्यास दस्ता मागून पोकळ करा आणि उरलेल्या पैशांत ॲक्शनखाली इपॉक्सीची गादी घालून घ्या. ८ पाउंड ११ औंस होतील, म्हणजे ३.९ किलो. आजच्यापेक्षा तीन पाउंड कमी, नळीला हात न लावता. दणका साडेवीस फूट-पाउंडांच्या आसपास, जो सरावाने अंगवळणी पडतो. पुढे कधी कार्बन दस्ता घेतलात तर सव्वाआठ पाउंडांच्या आसपास जाल. तिथे थांबा.

'पण मला सहा-सात पाउंडांचीच हवी' असं असेल तर रेमिंग्टन ७०० कोरत बसू नका. तिची ॲक्शन जाड, गोल पोलादी नळकांड्यासारखी आहे. तिच्यातलं फारसं वजन काढता येत नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्स यांनी १९८० च्या दशकात अल्ट्रा लाइट आर्म्स सुरू केली, तेव्हा त्यांनी कोरण्याऐवजी काडतुसाच्या मापाचीच छोटी ॲक्शन घडवली. तिचं मॉडेल २० हे नाव ॲक्शनच्या वीस औंस वजनावरून आलं. हलकी रायफल जन्मतःच हलकी असावी लागते. टिक्का टी३एक्स लाइट साडेसहा पाउंडांच्या आसपास येते, किंबरच्या ८४ मालिकेतल्या काही रायफली सहाच्याही आत. तीही मऊ, म्हणजे कमी दणक्याच्या, काडतुसात घ्या, ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ०.२४ इंच कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर एक हजार फूट-पाउंड ऊर्जा लागते. ही दोन्ही काडतुसं त्यात आरामात बसतात.

उचलण्याची पद्धतही बदला. पाच दिवस ती उजव्या खांद्यालाच होती, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. डेन्व्हर हेच कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास तेवढ्या उंचीवर आहे, आणि एल्क त्याच्या दुप्पट उंचीवर असतात. तिथे तोल गेला की हात मोकळे हवेत. मोठ्या चढावर चेंबर रिकामा ठेवून, तोंड वर करून रायफल सॅकच्या बाजूला बांधा, म्हणजे वजन कमरेच्या पट्ट्यावर येईल. जनावराच्या टापूत शिरलात की हातात घ्या. सॅकमध्ये पाणी किती नेता तेही बघा. एक लिटर म्हणजे ३५ औंस, नळीच्या सगळ्या खाचांनी वाचणाऱ्या वजनाच्या जवळपास दसपट. वाटेत ओढे असतील तर एक लिटर आणि गाळणी पुरते.

सगळे बदल जूनच्या आत संपवा. स्कोप बदलला किंवा दस्ता काढून पुन्हा बसवला की शून्य नव्याने करावं लागतं. बाकावर दहा गोळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. त्यानंतर प्रत्येक वेळी वीस गोळ्या, बसून, काठ्यांवरून, दोनशे यार्डांवर, आणि त्यांत चार-पाच सरावाची काडतुसं मित्राच्या हातून मिसळलेली. सडपातळ नळी तीन गोळ्यांनंतर तापते आणि गोळ्या सरकू लागतात, तेव्हा मध्ये तिला दहा मिनिटं सावलीत उभी करा. रानात पहिली, थंड नळीची गोळीच कामाची असते. ती कुठे बसते हे दर खेपेला वहीत लिहून ठेवा.

वजन करून झालं की आकडे इथे लिहा. दस्ता पॅडसकट एकटा किती भरतो आणि चुंबक खालच्या पट्टीला चिकटतो का, या दोन गोष्टी मला विशेष हव्या आहेत. दस्ता चाळीस औंसांच्या वर निघाला, तर भोकांची खोली आणि जागा मी मोजून सांगेन.